डब्याच्या चाकाला बारा पौंड

माझं नाव नागशेट्टी, पण त्या नावानं मला कोणी हाक मारत न्हाई, भालकीच्या रोडवर कोणालाबी इचारा हवेवाले अण्णा कुठं बसतेत, तर बोट माझ्याच दुकानाकडं करतील. गाव हितंच मागं हाय, उसाआड, रोडवरून दिसत न्हाई. घरात आमची मराठी, शाळा चौथीपतूर मराठी आन पुढं कन्नड, दुकानावर गिऱ्हाईक जे बोलंल ते, असं सगळं मिळून आमचं चाललेलं असतंय. बाप माझा सायकली किरायानं द्यायचा, त्यानंच मला पंक्चर काढायचं शिकवलं आन हवा बघायचं बी त्यानंच. तवा मीटर कुठला, टायरला अंगठा दाबायचा, वरून पान्ह्याचा एक ठोका द्यायचा आन आवाज कसा येतो ते ऐकायचं. आता मीटर हाय, काँप्रेसर हाय, तरी मी आधी अंगठा लावतो आन मग मीटर, आन काय सांगू तुम्हाला, एखाद्या पौंडाचा फरक निघंल, जास्त न्हाई.

लोक येतेत आन गाडीवरून न उतरताच म्हनतेत, अण्णा, टाईट भरा. कामून टाईट? कोण बसणार हाय मागं, तू एकटाच हायस का बायकोपोरं घेऊन सासरवाडीला जायलास, का खताचं पोतं टाकणार हायस, ते सांग की आधी. हवा गाडीवर नसती, बोजावर असती. बोजा बदलला की हवा बदलायची, एवढी साधी गोष्ट हाय, पण ती सांगून सांगून माझं तोंड दुखलं, चाळीस वर्सं झाली. आमदाराच्या माणसाला बी मी तोंडावर म्हनलोय, गाडी मोठी झाली म्हणून अक्कल मोठी होत न्हाई. तो चिडला. चिडू द्या. आन असं असून माझ्या स्वतःच्या येळंला मीच इसरलो, तेच सांगायलोय तुम्हाला. बसा, घाई न्हाई ना? ट्यूब वाळायला येळ लागतोच.

बायको माझी महानंदा, औरादकडची. लग्न झालं तवा वऱ्हाड टेंपोत आणलं आन नवरी तिथून भालकीपतूर उलट्या करत आली, नवा शालू, सगळा घाण. माझी आई म्हनली, शुभ झालं बाई. बंद गाडी तिला चालायचीच न्हाई, डिझेलचा वास आला की तिचं पोट ढवळलं म्हणून समजा. मग काय, आयुष्यभर माझ्या मागं बसली ती, आधी सायकलवर, मग मोटरसायकलवर. उदगीरला लग्नाला गेलो तर मोटरसायकलवर, माहेरी गेलो तर मोटरसायकलवर, एका हातानं पदर आन एका हातानं माझं खमीस धरून. नीट चालवा म्हणायचं असलं की बोलायची न्हाई, खमीस ओढायची.

तीन वर्सं झाली, सकाळी भाकरी थापता थापता ती डावीकडं कलंडली. डावा हात, डावा पाय गेला, जीभ जड झाली. भालकीतून गुलबर्ग्याला हलवलं, अँब्युलन्समधे तेच, उलट्या, आडवं पडलेलं माणूस उलटी करायलंय म्हटल्यावर जीव जातो का राहतो असं झालं. वाचली. पोरगा संगमेश गुलबर्ग्यालाच राहतो, तुरीच्या दालमिलमधे हिशोबनीस हाय, तो म्हनला अप्पा, आता अव्वाला हितंच राहू द्या, डॉक्टर जवळ हाय, मालीश करणारी बाई येती, तुम्ही बी या. गेलो की मी बी. महिनाभर राहिलो. तिसरा मजला. सकाळी उठावं तर करायचं काय? खाली उतरून दुसऱ्याच्या पंक्चरच्या दुकानावर जाऊन बसायचो आन त्याला म्हणायचो, जास्त भरायलास तू. त्यानं एक दिवस हाकलून दिलं. मग आलो निघून. सगळ्यांना सांगितलं म्हशीला कोण बघणार, पण म्हैस तवा भाच्याकडंच होती. मला तिथं जमत न्हवतं एवढंच खरं.

आन हितं आलो तर घर खायला उठलं. एकट्याला एक भाकरी होत न्हाई बघा, दोन तरी होतेतच, आन दुसरी संध्याकाळी वातड होती. मी रेडिओ लावून जेवायचो. बोलायला कोण न्हाई म्हटल्यावर माणूस काय करंल, मी गिऱ्हाइकाला धरून ठेवायचो, पाच मिन्टाच्या पंक्चरला अर्धा तास लावायचो. आताबी तेच करायलोय असं वाटत असंल तुम्हाला. व्हय, करायलोय.

ती फोनवर एक दिवस म्हनली, घरी नेता का मला. चार शब्द, पण स्पष्ट. मी संगमेशला सांगितलं, तो म्हनला अप्पा, येडं झालाव का, शंभर किलोमीटर, कशात नेताव, कारमधे बसवलं की अव्वा ओकती. त्याचं खरं होतं. पण माझ्या डोक्यात किडा शिरला. मोकळ्या गाडीत ओकत न्हाई ती. मग मोकळी गाडीच पाहिजे. आन तुम्हाला खरं सांगतो, मी तिला चार दिस घर दाखवायला आणणार न्हवतो. एकदा आणली की परत पाठवायची न्हाई असं मी ठरवून बसलो होतो. न्हाणीघराला दांडा बसवला, उंबऱ्याला उतार केला, संडासात खुर्ची आणली. कोणाला सांगितलं न्हाई.

भालकीत महेबूबभाई म्हणून वेल्डर हायत, माझ्याच वयाचे. त्यांला म्हनलं, माझ्या मोटरसायकलला डाव्या बाजूला साईडकार करून द्या, खाली बसायची, पाठीला उंच, पायाला लांब. ते हसले, बोले क्या अण्णा, इस उमर में बारात निकालते क्या? मी सांगितलं कशाला पाहिजे ते. मग हसले न्हाईत. जुन्या स्कूटरचं चाक लावलं, चौकटीला धक्के खायला पट्ट्याचे पाटे दिले, गादी त्यांच्या घरातल्या बाईनं शिवून दिली. आमच्यात त्याला सगळे डबाच म्हणायला लागले. अण्णाचा डबा.

आता तीन चाकाचं गणित तुम्हाला सांगतो. पुढचं चाक सोपं, पंचवीस. मागचं चाक ओढणारं, त्याला चौतीस. पण डब्याचं चाक, त्याची हवा कोणीच सांगू शकत न्हाई, कंपनीच्या पुस्तकात न्हाई, कारण असली गाडी कंपनीनं केलीच न्हाई. ती जास्त झाली तर डबा उड्या मारतो, कमी झाली तर गाडी सारखी डावीकडं ओढती, हँडल धरून धरून खांदा जातो, आन लईच कमी झाली तर रिमवर ट्यूब सरकून हवा भरायचा वालच तुटतो. शिवाय डबा रिकामा असला तर डाव्या वळणाला ते चाक हवेत उचलतं. पहिल्याच दिवशी मी वळणावरून सरळ उसात गेलो. लोक धावत आले, मी म्हनलं ऊस बघायलोय.

मग मी डब्यात तुरीचं पोतं बसवलं. आजाराच्या आधी तिचं वजन दवाखान्यात केल्तं, साठ किलो, मला पक्कं ध्यानात होतं. साठ किलो तूर मोजून भरली, पोतं बायकोसारखं पाठीला टेकवून बसवलं, दोरी बांधली. आन टायरवर खडूची आडवी रेघ ओढायची, शंभर-दीडशे पावलं सरळ गाडी न्यायची, उतरून बघायचं. रेघ मधली पुसली तर हवा जास्त, कडंची पुसली तर कमी, सगळी सारखी पुसली तर बरोबर. सव्वीसपासून सुरू केलं. चोवीस, बावीस, वीस. पंधरा दिवस रोज सकाळी पोत्याला घेऊन मी हुमनाबादच्या रोडवर. लोक म्हणायचे, अण्णा, वहिनी आज गप हायत. मी म्हणायचो, तुमच्या घरच्यापेक्षा बरी हाय. अठराला रेघ अशी सारखी पुसली की काय सांगू, पोत्यावर वाटी ठेवून पाणी नेलं तर अर्धी वाटी शिल्लक राहिली. अठरा. सापडली. त्या दिवशी मी दुकानाला गूळ आणून वाटला.

अमावास्येला आमच्याकडं दुकानं बंद असतेत, त्याच दिवशी निघालो. डबा रिकामा नेता येत न्हाई म्हणून तेच तुरीचं पोतं घेतलं, पोराच्या घरी डाळ होईल. काय गाडी चालली म्हणता! हुमनाबाद, कमलापूर, एक धक्का न्हाई. दुपारी पोचलो. संगमेश कामावर होता, सून अश्विनी दारातच म्हनली, मामा, त्यांना इचारल्याशिवाय मी कशी पाठवू? तेवढ्यात आतून ही म्हनली, मी जाते. मग फोनवर पोराचं आन माझं व्हायचं ते झालं. तो शेवटी म्हनला, काय झालं तर मी तुम्हाला माफ करणार न्हाई. मी म्हनलं नको करू. नात अक्षता, सात वर्साची, ती म्हनली अज्जा, अज्जीला कधी आणून सोडणार? मी गाडी धरायला खाली उतरलो. खालच्या वॉचमननं आन सुनेनं धरून हिला खाली आणलं आन डब्यात बसवलं, उशा लावल्या, पदर बांधला. तिचा उजवा हात माझ्या गुडघ्याजवळ येत होता. म्हनलं, दुखलं तर खमीस ओढ.

शहरातून बाहेर पडलो न्हाई तवर तिनं खमीस ओढलं. थांबलो. गादी सारखी केली. परत निघालो, परत ओढलं. आणखी एक दुलई घातली. तिसऱ्यांदा बघितलं तर तिचे डोळे गच्च मिटलेले, ओठ दाताखाली. डबा उड्या मारत होता. मला कळंना, येताना याच रस्त्यानं एक धक्का बसला न्हवता. खाली बसलो, टायरला अंगठा लावला. दगड. आन मग बघितलं, टायर जमिनीला जिथं टेकतो तिथं जरा चपटा व्हायला पाहिजे, बोजा असला की होतोच, तो झालाच न्हवता. गोल तसाच. अठरा पौंड साठ किलोचे होते. तिथं साठ किलो बसलेलंच न्हवतं. पोराच्या घरी उचलायला मी हात लावला न्हवता ना, मी गाडी धरून उभा होतो. लुगड्यात, शालीत, उशीत माणूस दिसत न्हाई. टायरनं सांगितलं मला माझी बायको किती उरली ते. चाळीस बी नसंल. सगळ्या जगाला बोजा बघून हवा भरा म्हणणारा मी, पोत्याच्या मापानं बायकोला घेऊन निघालो होतो.

मी वालवर वाकून लई येळ बसलो. ती म्हनली, काय झालं? मी म्हनलं हवा सोडायलोय. हवा सुटण्याच्या आवाजात मी रडून घेतलं, तिला दिसलं न्हाई, का दिसलं, ठाऊक न्हाई.

सोळा केली, फर्लांगभर गेलो, इचारलं. मान हलवली, न्हाई. चौदा. जरा बरं म्हनली. कमलापूरला तांबडी केळी घेतली, अर्धं तिला भरवलं, अर्धं मी खाल्लं, आन बारा केली. बाराला तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आन तसाच राहू दिला. मी आणखी लोभ केला, अकरा करून बघितली, तर वळणाला डबा डुलायला लागला, परत पायपंपानं बारा केली. शंभर किलोमीटरला सहा तास लागले. ओकली न्हाई बरं का. एकदा बी न्हाई.

दहा दिवस राहिली ती. पहिले दोन दिवस गाव लोटला, बाया आल्या, रडल्या, हसल्या. मी दुकान बंद ठेवलं आन तिच्यापुढं बसून राहिलो. पाणी पाहिजे का, उशी देऊ का, ऊन लागायलंय का. आमच्यात रोज लिंगपूजा असती, इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून करायची. तिचा डावा हातच उठत न्हाई, म्हणून मी खालून माझा हात लावायचो. माझा हात हा असा, काळा, फुगलेला, आन वयानं थरथरतो बी. तिसऱ्या दिवशी ती म्हनली, तिथं अक्षी हात लावती, नातीला ती अक्षीच म्हनती. मी इचारलं रोज? रोज, म्हनली, शाळंला जायच्या आधी. मला वाटत होतं तिथं तिची पूजा बुडत असंल. उलट रोज व्हायची, आन माझ्यापेक्षा नीट.

मग ती दाराकडं बघत बसायला लागली. नातीचा फोन आला की तोंड उजळायचं, फोन ठेवला की परत दाराकडं बघत बसायची. आठव्या दिवशी मी तापलो. म्हनलं, हितं तुला काय कमी हाय? तुझं घर न्हाई का हे? ती लई येळ शब्द जुळवत बसली आन एकेक करून म्हनली, तिथं मला काम हाय. मी एका हातानं तूर निवडते. अक्षीचा पाढा ऐकते. ती चुकली की सांगते. हितं तुम्ही दिवसभर माझ्याकडं बघत बसताव. मी म्हनलं, मग काय बघू नको? ती म्हनली, तुम्ही मला पेशंट केलाव.

मी उठून दुकानाकडं गेलो, शटर न उघडता पायरीवर बसलो. चाळीस वर्सं ही बाई मला एक शब्द तोडून बोलली न्हवती, आन बोलली तर हे. राग आला, मग राग गेला आन जे राहिलं ते रागापेक्षा वाईट होतं. घरी येऊन म्हनलं, परवा जाऊ. तिनं माझा हात धरला. तुम्ही बी चला, म्हनली. मी म्हनलं बघू. तिला ठाऊक होतं मी राहणार न्हाई, आन मला ठाऊक होतं तिला ठाऊक हाय.

आता जे सांगतो ते संगमेशला सांगू नका, तो कधी हितं थांबला तर. निघायच्या दिवशी सकाळी, ती आत तयार होत होती, मी बाहेर डब्याच्या चाकाला पंप लावला. बारा होती. मी भरायला लागलो. पंधरा झाली, अठरा झाली, वीस झाली. माझ्या मनात एवढंच, भालकीपतूर जायच्या आत ती खमीस ओढंल, दुखतंय म्हणंल, घरी फिरवा म्हणंल. मग मी काय केलं असं कोण म्हणणार? रस्ता खराब, म्हातारी हलकी, झालं. चोवीसपतूर भरली मी. अंगठा लावला तर दगड. आन तिच्या कंबरंचं हाड आठवलं, डब्यातून उतरवताना हाताला लागलेलं. माणसाला स्वतःची लाज वाटती म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं मला, या वयात. सगळी सोडली. परत एकेक करून बारा भरली, मीटर तीनदा लावला.

निघालो. हुमनाबाद गेलं तरी खमीस ओढलं न्हाई. मी मनातल्या मनात वाट बघायलोय, एकदा तरी ओढ, थांब म्हण, पाणी माग. न्हाई. पुढं तिचा हात गुडघ्यावरून घसरला, मी गाडी बाजूला घेतली, पण इंजिन बंद केलं न्हाई. वाकून बघितलं तर झोपली होती. तोंड जरा उघडं, पदर वाऱ्यानं हलायलेला, लहान लेकराला गाडीवर झोप लागती तशी. येताना क्षणभर डोळा लागला न्हवता तिचा, आन जाताना झोपली. इंजिन बंद केलं तर जागी होईल म्हणून मी ते तसंच चालू ठेवून तुरीच्या शेताच्या कडंला उभा राहिलो, किती येळ ते सांगता येत न्हाई. मग हळूच निघालो. गुलबर्गा आलं तरी तिला जाग न्हाई. अक्षता खाली धावत आली, अज्जी अज्जी करत, तवा डोळे उघडले, आन पहिलं नातीकडंच बघितलं. बघणारच.

आता दर अमावास्येला जातो. जाताना डब्यात ज्वारी न्हाई तर तूर, अठरा पौंड. येताना सून पाण्याचे दोन कॅन भरून देती, वळणाला चाक उचलू नये म्हणून, घरी आलो की ते पाणी झाडाला घालतो. संगमेश म्हनतो अप्पा, बसनं या की, कशाला ते धूड. मी म्हनतो असू दे. तिला परत कधी घर बघावंसं वाटलं तर गाडी तयार असावी, एवढंच. तिनं अजून म्हनलं न्हाई. ती बरी हाय, आता मोडकं का होईना गाणं म्हनती म्हणे नातीबरोबर. बसवण्णा तिला तिथंच सुखात ठेवो. मी जेवतो, झोपतो, दुकान उघडतो. दोन भाकरीतली एक कुत्र्याला घालतो.

झाली बघा ट्यूब. तुम्ही एकटेच हाव ना, मागं कोण न्हाई? मग मागं अठ्ठावीस बस झाली. सावकाश जावा, घरी माणसं असतील तर लवकर जावा.